ठिगळाचं पान

३ सप्टेंबर, मंगळवार

गुस रोफिकनी आज सकाळी कॉफीला बोलावलं. वयानं ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला 'कांग' म्हणतात, म्हणजे दादा. पण ते 'गुस', म्हणजे गुरुपुत्र, आणि वडील मोठे क्याई, आमचे गुरू, यांच्या गादीवर ते बसलेत, त्यामुळे चटईवर खाली बसायचं ते दादानं.

"कांग रुस्दी, मोठ्या क्याईंना जाऊन यंदा दहा वर्षं होतील. उरुसाच्या दिवशी त्यांनी शिकवलेला किताबीचा अर्थ छापून वाटायचाय. तुमची प्रत द्या."

क्याईंची स्वतःची प्रत पुरात गेली. जुन्या विद्यार्थ्यांच्या प्रती आहेत, पण त्या म्हणजे चाळण्या. क्याई एकेक अरबी शब्द वाचून जावानीत अर्थ सांगायचे, पोरांनी तो शब्दाखाली तिरक्या बारीक अक्षरात टांगायचा. जिथं डुलकी लागली तिथं जागा कोरी. मग दुसऱ्याच्या किताबीतून उतरवून ठिगळ लावायचं. आमच्या पेसांत्रेनमध्ये, या निवासी मदरशात, शिकलेल्या प्रत्येकाच्या किताबीत ठिगळं आहेत. माझ्या किताबीत नाहीत, अशी ख्याती आहे. याच ख्यातीवर मला इथे शिकवायला ठेवलं, आणि बावीस वर्षं झाली, मी अजून तिच्यावरच जगतोय.

मी "देतो" म्हटलं. घरी येऊन किताब काढली आणि सेहेचाळीसावं पान उघडलं.

त्या पानावरचा अर्थ क्याईंचा नाही, माझा आहे. सव्वीस वर्षांत हे कुणाला सांगितलेलं नाही, कागदालासुद्धा नाही. आज लिहिलं. लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

सुरुवात केलीच आहे तर पूर्ण लिहितो.

मी एकोणीस वर्षांचा होतो. रमजानात क्याई अख्खी किताब एका महिन्यात संपवायचे, दुपारी दोन तास, असरच्या नमाजेनंतर दोन तास. त्या दिवशी गावातल्या शिंप्याच्या टीव्हीवर बॅडमिंटनच्या फायनलचं रेकॉर्डिंग दाखवणार होते. मी निरोप धाडला, रुस्दीला ताप आहे. रोजा तोंडात धरून खोटं बोललो आणि शिंप्याच्या दुकानात कापडाच्या गठ्ठ्यावर बसून तीन गेम बघितले. आपला माणूस जिंकला. मी नाचलो.

दुसऱ्या दिवशी ठिगळ लावायला जझुलीची किताब घेतली. जझुली म्हणजे झोपाळू नंबर एक, शेजारच्याच्या खांद्यावर लाळ गाळणारा. त्याचं ते पान कोरंच. झोपलाच असणार. दुसऱ्या कुणाकडे मागायची म्हणजे "ताप कसा आहे?" हे ऐकायचं. चोराच्या मनात चांदणं. तेव्हा स्वतःच लिहायला बसलो.

पान साधं नव्हतं. सगळी किताब त्या पानावर उभी आहे. जग बदलतं. जे बदलतं ते कधीतरी नव्हतं. जे नव्हतं आणि आलं, त्याला आणणारा हवा. हे तर आमची शेंबडी पोरंसुद्धा अजान आणि नमाज यांच्या मधल्या वेळात गाऊन दाखवतात. पण 'हवा' म्हणजे का हवा? नसलेलं आपोआप का येऊ नये? या 'का'चं उत्तर त्या पानावर. डोक्यात आदल्या दिवसाची मॅच. मी लिहिलं: "क्याई म्हणाले, बॅडमिंटनचं फूल हवेत दिसलं की समजावं, पलीकडे कुणीतरी रॅकेट मारली. जग म्हणजे ते फूल. याच्या पुढे विचारू नये."

पुढे विचारू नये, हे का लिहिलं? तर पानावरची जागा संपली होती.

महिना संपला तेव्हा क्याई एकेकाची किताब तपासून शेवटच्या पानावर सही करत होते. माझी चाळता चाळता सेहेचाळीसाव्या पानावर थांबले. चष्मा कपाळावर चढवला, किताब नाकाशी नेली. कितीतरी वेळ वाचत होते. मग हळूच विचारलं, "हे कुणाचं?"

"तुमचंच, क्याई," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बरं. कधी आठवलं तर सांग," म्हणाले आणि सही केली. मला वाटलं, म्हातारा विसरायला लागला. सुटलो.

आता ते फूल पेसांत्रेनच्या कॅलेंडरवर आहे. गेल्या उरुसाला पोरांनी टी-शर्ट छापले, मागे फूल आणि खाली 'रॅकेट कुणाची?'. पाहुणे आले की गुस मलाच सांगायला लावतात, "कांग, अब्बांचा तो बॅडमिंटनचा दृष्टांत सांगा." मी सांगतो, हातवारे करून. खोटं एकदा बोललं की संपतं असं लोकांना वाटतं. मी ते दर सोमवारी आणि गुरुवारी वर्गात बोलतो.

११ सप्टेंबर, बुधवार

गुसनी पडताळणीसाठी आणखी तीन जुन्या प्रती मागवल्या. दुपारी त्यांच्या ओसरीवर सगळ्या शेजारी शेजारी मांडून बसलो. मी वाचत होतो आणि मनात सेहेचाळीसाव्या पानापर्यंतची पानं मोजत होतो.

तिन्ही प्रतींत ते पान कोरं. तिन्ही माणसं वेगळ्या गावची, वेगळ्या रांगेत बसणारी.

गुस खो खो हसले. "बघा! सगळे एकदम आडवे! त्या दिवशी सहरीला काय मटण होतं की काय? अख्ख्या वर्गात कांग रुस्दी तेवढे जागे!"

मीही हसलो. माझा निर्लज्जपणा बघा, मला बरं वाटलं. एखादी प्रत भरलेली निघाली असती तर माझी चोरी पकडली गेली असती. हे झोपले म्हणून मी वाचलो.

आतून बु न्याई, म्हणजे मोठ्या क्याईंच्या पत्नी, तळलेलं तेम्पे, आंबवलेल्या सोयाबीनचे तुकडे, घेऊन आल्या. आता ऐंशीच्या आहेत, पण कान मांजराचे. "कसलं बॅडमिंटन रे?" त्यांनी विचारलं. "ह्यांना तर त्या फुलाचं नावही ठाऊक नव्हतं. पोरं खेळायला लागली की म्हणायचे, कोंबडीची पिसं उडवू नका, अंगणात नमाज पढायचीय."

"अम्मा, वयानं माणूस विसरतं," गुस म्हणाले.

"विसरतं खरं," बु न्याई म्हणाल्या, आणि माझ्यासमोर तेम्पेची थाळी ठेवून तिथेच उभ्या राहिल्या. मी तेम्पे कुस्करत बसलो. त्यांना दिसत कमी आहे, म्हणून माझ्याकडे तशा टक लावून बघत असतील.

१५ सप्टेंबर, रविवार

आज शहरातल्या कॉलेजच्या हॉलमध्ये वादसभा झाली. विषय: जगाच्या सुरुवातीला कर्ता लागतो का? त्यांच्याकडून पाक हेंद्रार्तो, म्हणजे हेंद्रार्तो सर, तत्त्वज्ञान शिकवतात, पन्नाशीचे, साधा बाटिकचा शर्ट. आमच्याकडून वार्दा. वीस वर्षांची आहे. कांदे विकणाऱ्या बाईची मुलगी, मी शिकवलेल्यांतली सगळ्यांत हुशार. येत्या महिन्यापासून मुलींच्या वर्गाला हीच किताब ती शिकवणार आहे. म्हणजे, होती.

उभी राहिली छान. आवाज खणखणीत. फुलाचा दृष्टांत दिला तेव्हा आमच्या पोरांनी बाकं वाजवली.

हेंद्रार्तो म्हणाले, "दृष्टांत झकास आहे. पण मला सांगा, फूल उडालं त्याआधी हॉल होता, हवा होती, काळ होता. फुलाची सुरुवात काळाच्या आत झाली. काळाचीच सुरुवात झाली असेल, तर त्याच्या 'आधी' रॅकेट मारायची कधी?"

वार्दा डगमगली नाही. "कर्ता आधीच असला पाहिजे असं कुठंय? हात हलवला की बोटातली अंगठी हलते. दोन्ही एकदमच. तरी अंगठी हातामुळे हलते, हात अंगठीमुळे नाही."

हे मी शिकवलेलं नव्हतं. तिचं तिनं शोधलं होतं. मला अभिमान वाटला, आणि पुढच्याच क्षणी भीती, कारण आता ही बाई पुढे पुढे जाणार आणि पुढे माझं पान येणार.

"हे मानलं," हेंद्रार्तो म्हणाले. "पण अंगठ्या तुम्ही पाहिल्यात, फुलं पाहिलीत. सगळ्या हॉलच्या आतल्या वस्तू. वर्गातल्या प्रत्येक पोराला बाकडं असतं, म्हणून वर्गालाही बाकडं असतं का? आतल्या वस्तूंचा नियम अख्ख्या हॉलला लागतो, हे कशावरून?"

वार्दा म्हणाली, "आमच्या क्याईंनी सांगितलंय, याच्या पुढे विचारू नये."

"का विचारू नये?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी दुसऱ्या रांगेत होतो. मी चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकलो.

"मला माहीत नाही," वार्दा म्हणाली.

मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "फूल जाळीत अडकलं!" हॉल हसला. हेंद्रार्तो हात वर करून "हसू नका, मलाही माहीत नाही" असं काहीतरी म्हणत होते, पण ते कुणाला ऐकूच गेलं नाही. वार्दा खाली बसेपर्यंत हसणं चालू होतं.

१६ सप्टेंबर, सोमवार

परतीच्या बसमध्ये काय झालं ते काल लिहिलं नाही.

वार्दा माझ्याजवळ आली, डोळे सुजलेले. "उस्ताद, माझं कुठं चुकलं?" आणि मी, रुस्दी, बावीस वर्षांचा शिक्षक, सगळ्यांदेखत म्हणालो, "पान नीट पाठ केलं असतंस तर ही वेळ आली नसती. क्याईंचा शब्द तुझ्यामुळे हसण्यावारी गेला."

वड्याचं तेल वांग्यावर काढलं. ती "हो उस्ताद" म्हणाली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. बस दीड तास चालली.

१८ सप्टेंबर, बुधवार

गुसनी वार्दाचा वर्ग काढून घेतला. तिनं वर्षभर पुन्हा खाली बसून ही किताब शिकायची. माझ्याकडे.

"आठ हजार लोकांनी सभेचा व्हिडिओ पाहिलाय, कांग," गुस म्हणाले. "अब्बांचं नाव घेऊन 'माहीत नाही' म्हणते? शिक्षिका 'माहीत नाही' म्हणाली तर पोरींनी काय लिहायचं, कोरं सोडायचं?"

मी मान डोलावली. मान डोलवायला मला नेहमीच चांगलं जमतं.

२२ सप्टेंबर, रविवार

जेवण जात नाही. माझी बायको मुनजिया पेचेल, दाण्याच्या चटणीतली भाजी, वाढताना म्हणाली, "चार दिवस बघतेय. भाजीकडे असं बघताय जशी काही तिनं तुमचं नाव पोलिसात दिलंय."

मी तिला सगळं सांगितलं. बावीस वर्षांचा संसार, आज पहिल्यांदा. ती रागवेल असं वाटलं. ती हसायलाच लागली. "बॅडमिंटन! आणि मी आपली उरुसात बायकांना सांगत फिरते, क्याई कसे सगळ्या विषयातले होते!" हसता हसता थांबली. "आणि त्या पोरीला?"

"तिला काय?"

"तिला सांगितलंत?"

मी तिला समजावलं की नुसतं 'खोटं होतं' म्हणून भागायचं नाही. खोटं काढून घेतलं तर तिथं खरं ठेवायला हवं. क्याईंनी त्या दुपारी जे खरं उत्तर दिलं, ते शोधून आणलं पाहिजे. ते उत्तर मिळालं की हेंद्रार्तोंचंही तोंड बंद होईल आणि वार्दाचा वर्गही परत मिळेल. क्याईंसारख्या माणसानं त्या पानावर काहीतरी जबरदस्त सांगितलं असणार. सव्वीस वर्षं मी ते एका मॅचपायी गमावून बसलोय. कुणीतरी तर जागं असेल.

"तिन्ही प्रती कोऱ्या म्हणता ना?" मुनजिया म्हणाली. "मग?"

"झोपले होते."

"सगळे?" तिनं विचारलं आणि भांडी उचलली.

२८ सप्टेंबर, शनिवार

जझुलीला भेटून आलो. रेंबांगच्या किनाऱ्यावर त्याचं मिठागर आहे. उन्हानं कोळसा झालाय, पाय मिठानं पांढरे. मला बघून फावडं टाकून धावत आला. "अरे रुस्दी! एवढा मोठा उस्ताद झालास, पोट कुठंय?"

मिठाच्या ढिगाशेजारी छपराखाली बसलो. मी आडून आडून विचारायचं ठरवलं होतं. ते जमलं नाही. म्हटलं, "जझुली, सेहेचाळीसावं पान. त्या दिवशी तू झोपला होतास ना? कोण जागं होतं, आठवतं का?"

"झोपलो होतो? मी?" तो म्हणाला. "महिनाभर झोपलो असेन, त्या दिवशी नाही. त्या दिवशी कुणीच झोपलं नव्हतं. तू नव्हतास का? हां, तुला ताप होता."

मग त्यानं सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो.

क्याईंनी पान वाचलं. शब्दांचा अर्थ सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. चष्मा काढून मांडीवर ठेवला. सगळी पोरं लेखणी धरून बसलेली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "इथवर मला कळलंय. याच्या पुढे नाही. घडा पाहिला, कुंभार पाहिला. जगाची सुरुवात मी पाहिली नाही. सुरुवातीच्या आधी 'आधी' म्हणून काही होतं का, तेही मला ठाऊक नाही. अल्लाहवर माझा विश्वास आहे, तो या पानावर टेकलेला नाही. पण हे पान मी चाळीस वर्षं शिकवतोय, माझ्या गुरूंनी सांगितलेलं जसंच्या तसं, आणि दरवेळी इथं माझी जीभ अडखळते, आणि दरवेळी मी कळल्यासारखं करतो. आज मला त्याची लाज वाटतेय. तुम्ही जागा सोडा. मला कळलं तर सांगेन. तुमच्यापैकी कुणाला कळलं, तर लिहा, आणि मला येऊन दाखवा. मी तुमच्यापुढे खाली बसून शिकेन."

"डोळ्यांत पाणी होतं रे त्यांच्या," जझुली म्हणाला. "आम्ही कोरं सोडलं. मी अजून कोरंच ठेवलंय. कधीमधी मीठ ओढताना विचार करतो त्याचा. काही सुचत नाही. पण बरं वाटतं, की क्याईंनाही नव्हतं सुचत."

त्यानं वाळवलेली मासळी बांधून दिली. बसमध्ये मांडीवर तो पुडा घेऊन बसलो होतो, आणि शहर यायच्या थोडं आधी मला ते समजलं.

हे कुणाचं? असं त्यांनी विचारलं होतं.

ते विसरले नव्हते. त्यांना ठाऊक होतं की हे त्यांचं नाही. त्यांना वाटलं, कुणा पोराला उत्तर सापडलं. ते नाकाशी धरून वाचत होते ते तपासायला नव्हे, शिकायला. मी 'माझं' म्हटलं असतं, तर ते म्हणाले असते, बस, बोलू या. फूल हवेत आहे, ठीक, पण हॉलचं काय? हेंद्रार्तोंनी विचारलं तेच त्यांनी विचारलं असतं. आणि मी म्हणालो, तुमचंच. त्यानंतर ते सोळा वर्षं जगले. मी रोज त्यांच्या हाताचं चुंबन घ्यायचो. कधी आठवलं तर सांग, असं म्हणाले होते. ते वाट बघत असतील हे माझ्या मनातही आलं नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

आज वर्गात सेहेचाळीसावं पान नव्हतं, पुढचं होतं. तरी किताब उघडली आणि मिटली. घसा बसलाय असं सांगून पोरांना सोडलं. म्हणजे पुन्हा आजाराचं खोटं.

२ ऑक्टोबर, बुधवार

गुसना सगळं सांगितलं. ओसरीवर, सकाळी, कॉफी यायच्या आधी, म्हणजे पाठ फिरवायला निमित्त उरणार नाही.

त्यांनी दार ओढून घेतलं. "अम्माला माहीत आहे?"

"मला वाटतं, त्यांना पहिल्यापासून माहीत आहे."

"कांग, ऐका. किताब छापून आलीय. टी-शर्ट आलेत. लोक त्या फुलावर प्रेम करतात. आणि दुसरीकडे काय सांगता तुम्ही? की एवढ्या मोठ्या क्याईंना मुख्य पानच कळलं नव्हतं? हे मी उरुसात सांगू? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक, पुरे झालं."

"वार्दाचं काय?"

"पुढच्या वर्षी देऊ की तिला वर्ग. एक वर्षानं काही आभाळ कोसळत नाही."

मी उठलो. त्यांनी मागून हाक मारली, आवाज एकदम लहान मुलासारखा. "कांग. अब्बा खरंच असं म्हणाले? लाज वाटते असं?"

"जझुली खोटं बोलत नाही," मी म्हणालो. माझ्याबद्दल हे वाक्य म्हणता येत नाही, हे दोघांनाही कळलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

उद्या उरूस. मंडप लागलाय, बायका केळीची पानं पुसतायत. संध्याकाळी क्याईंच्या कबरीवर गेलो. तिथं एकटं बसून सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. तोंडात वाक्य तयार होतं. निघालं नाही.

घरी येऊन मुनजियाला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं निघालं नाही. मेलेल्या माणसाची माफी मागायची म्हणजे आरशापुढे भांडायचं. जी जिवंत आहे ती मंडपामागच्या खोलीत तुमच्या फुलाची छापील पुस्तकं मोजतेय."

१३ ऑक्टोबर, रविवार

दरवर्षी उरुसात क्याईंच्या शिकवणीतलं एक पान मी वाचतो. गुसनी मुद्दाम बारावं पान दिलं होतं. माइक हातात आल्यावर मी सेहेचाळीसावं उघडलं.

भाषण करता आलं नाही. एवढंच म्हणालो, की या पानावरचा बॅडमिंटनचा दृष्टांत मोठ्या क्याईंचा नाही. त्या दुपारी मी आजारी नव्हतो, शिंप्याकडे मॅच बघत होतो, आणि हा दृष्टांत मी स्वतः रचला. क्याईंनी त्या दिवशी जागा कोरी सोडायला सांगितली होती. ते म्हणाले होते, मला माहीत नाही. मग मी जझुलीनं सांगितलेलं सगळं सांगितलं, आणि क्याईंनी मला काय विचारलं होतं, मी काय उत्तर दिलं, तेही. शेवटी म्हणालो, "गेल्या महिन्यात कॉलेजच्या हॉलमध्ये एका मुलीनं या प्रश्नाला क्याईंनी दिलेलंच उत्तर दिलं. तुम्ही सगळे हसलात. मी चपलेचा पट्टा बांधत होतो."

एक म्हातारा म्हणाला, "मॅच कोण जिंकलं?" आणि हशा पिकला. मला तो हशा गालावर बसलेला कळत होता, एकेक चपराक बसावी तसा. हॉलमध्ये वार्दाला असंच कळलं असेल. मी खाली बसलो नाही, हशा ओसरेपर्यंत उभा राहिलो.

बु न्याईंनी जवळ बोलावलं. "सव्वीस वर्षं लावलीस," म्हणाल्या. "त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणाले, पोरानं फार सुंदर लिहिलंय, पण स्वतःचं म्हणायला घाबरतंय. हळूहळू सांगेल." मग त्या रडल्या, आणि मीही रडलो, सगळ्यांदेखत, भाताच्या टोपल्यांशेजारी.

वार्दा मंडपाच्या मागे भेटली. "म्हणजे उस्ताद, मी बरोबर बोलले होते?"

"हो."

"मग बसमध्ये मला ओरडलात कशाला?"

मी म्हणालो, मला माफ कर. तिनं 'हो' म्हटलं नाही, 'नाही'ही म्हटलं नाही. हातातली पुस्तकं तिनं दुसऱ्या हातात घेतली आणि आत गेली.

१९ ऑक्टोबर, शनिवार

गुस माझ्याशी बोलत नाहीत. पण चिठ्ठी आली. सेहेचाळीसाव्या पानापासून पुढे किताब वार्दा शिकवेल, मुलींना आणि मुलांनाही. रुस्दीनं प्रती दुरुस्त कराव्यात.

दुरुस्त म्हणजे खोडणं. बावीस वर्षांत ज्यांनी ज्यांनी माझं पान उतरवून घेतलं, त्यातले जे अजून इथे आहेत ते रांग लावून किताबी आणतायत. दाढीच्या पात्यानं शाई खरवडायची, मग वर खडूची भुकटी. ओसरीवर पाट घेऊन बसलोय. पोरं टिंगल करतात. "उस्ताद, माझ्यात रॅकेट राहिली!" एकशे सत्तावीस झाल्या. माझ्या स्वतःच्या प्रतीत शाई इतकी मुरली होती की खरवडताना कागदाला भोक पडलं.

दुपारी सगळे गेल्यावर वार्दा आली. तिनं तिची किताब पाटावर ठेवली, सेहेचाळीसावं पान उघडलं. तिचं अक्षर माझ्याहून सुंदर आहे. शब्द मात्र सगळे माझे, शेवटच्या 'पुढे विचारू नये'पर्यंत. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"हे कुणाचं?"

मी पातं खाली ठेवलं. "माझं," म्हणालो.

"मग खोडा," ती म्हणाली, आणि मी खोडेपर्यंत समोर बसून राहिली.